भारताला स्वराज्य द्यायचं का, यावर ब्रिटिश पार्लमेंटमध्ये काय चाललं होतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टिळक, गांधीजी, काँग्रेस हा भाग शाळेत सगळ्यांचाच होतो. पण त्याच काळात तिकडे लंडनमध्ये कोण काय बोलत होतं, मतदान झालं तेव्हा आकडे काय पडले, यावर प्रश्न येतच राहतात. त्यातले परत परत येणारे इथे एकत्र केलेत. कुठलंही उत्तर एकटं वाचलं तरी चालेल, आणि विषय दुसरीकडे सविस्तर आला असेल तर त्या प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. भारताचा कारभार शेवटी कोणाच्या हातात होता, व्हाइसरॉयच्या की लंडनच्या?

रोजचा कारभार व्हाइसरॉयचा, शेवटचा शब्द लंडनचा. १८५८ पर्यंत नावाला कंपनी सरकार होतं, तरी १७८४ च्या पिटच्या कायद्यापासून तिच्यावर लंडनमधल्या बोर्डाची देखरेख होती, आणि दर वीस वर्षांनी सनद रिन्यू करायला कंपनीला पार्लमेंटपुढे यावं लागायचं (१७९३, १८१३, १८३३, १८५३), त्यामुळे निदान तेवढ्यापुरती तरी सगळ्या कारभाराची झाडाझडती व्हायची. १८५८ नंतर भारतमंत्री आला, तो ब्रिटिश कॅबिनेटमधला, आणि ही वीस वर्षांची झडती बंद पडली.

यातली सगळ्यात संतापजनक गोष्ट म्हणजे त्या भारतमंत्र्याचा पगार १९१९ च्या कायद्यापर्यंत आपल्या तिजोरीतून जायचा. ब्रिटिश खासदारांना एखाद्या मंत्र्याला जाब विचारायचा असेल तर त्याच्या पगारात कपात सुचवायची ही तिथली जुनी पद्धत. इथे पगारच त्यांच्या बजेटमध्ये नाही म्हटल्यावर तो रस्ताही बंद. भारताच्या जमाखर्चावरची चर्चा अधिवेशन संपता संपता व्हायची आणि तेव्हा बाकं जवळपास रिकामी असायची.

२. मग तिथे दोन सरळ बाजू होत्या का, एक भारत सोडा म्हणणारी आणि एक सोडू नका म्हणणारी?

नाही, आणि हे नीट समजलं की बाकीची उत्तरं सोपी जातात. "आम्ही भारतावर कायम राज्य करणार" असं उघड म्हणणारे बरेच होते, पण शहाणीसुरती माणसं तसं बोलायची नाहीत. १८३३ च्या सनदेच्या चर्चेत मेकॉलेनेच सांगून टाकलं होतं की उद्या भारतीय लोक युरोपियन पद्धतीच्या संस्था मागायला लागले तर तो इंग्लंडच्या इतिहासातला सर्वात अभिमानाचा दिवस असेल. फक्त तो दिवस कधी, हे त्याने सांगितलं नाही. पुढची शंभरहून जास्त वर्षं वाद यावरच फिरत राहिला: कधी, किती, आणि भारत लायक झाला हे ठरवणार कोण. माझं मत विचाराल तर कोणाचं भाषण किती गोड होतं यापेक्षा त्याने तारीख दिली का, एवढंच बघावं. तारीख असलेलं पहिलं निवेदन आलं ते थेट फेब्रुवारी १९४७ मध्ये (प्रश्न १३).

३. साताऱ्याचं प्रकरण लंडनपर्यंत गेलं होतं म्हणतात, ते काय?

प्रतापसिंह महाराजांना कंपनीने १८३९ मध्ये गादीवरून काढून काशीला पाठवलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तिथेच लढत राहिले, कंपनीच्या भागधारकांच्या सभेत आणि पार्लमेंटमध्येही. जोसेफ ह्यूम, जॉर्ज थॉम्पसन या तिथल्या राजकारण्यांनी हा विषय लावून धरला. महाराज १८४७ मध्ये काशीतच वारले, १८४८ मध्ये डलहौसीने दत्तक नामंजूर करून सातारा खालसा केलं, तरी रंगो बापूजी मागे हटले नाहीत. निकाल काही मिळाला नाही, पण लंडनमध्ये राहून तिथल्या लोकांना बरोबर घेऊन तिथल्याच सभागृहात भांडायचं, हे काँग्रेसच्या कितीतरी आधी एका मराठी माणसाने करून बघितलं होतं.

४. पार्लमेंटमध्ये भारतीय खासदार होते हे खरं का?

हो, स्वातंत्र्याआधी हाउस ऑफ कॉमन्समध्ये, म्हणजे पार्लमेंटच्या निवडून येणाऱ्या सभागृहात, तिघे ठळक. तिघेही पारशी, तिघांचंही मुंबईशी नातं, आणि तिघे वेगवेगळ्या पक्षांचे. दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये लिबरल म्हणून सेंट्रल फिन्सबरीतून अगदी हातावर मोजण्याइतक्या मतांनी आले. त्याआधी १८८८ मध्ये खुद्द पंतप्रधान सॉल्सबरी जाहीर भाषणात म्हणाले होते की इंग्लिश मतदार काळ्या माणसाला निवडून देतील इथवर आपण आलेलो नाही. मग १८९५ ला मंचरजी भावनगरी, कॉन्झर्व्हेटिव्ह, काँग्रेसच्या मागण्यांना बऱ्यापैकी विरोध करणारे. आणि १९२२ ला शापूरजी सकलातवाला, आधी लेबर मग कम्युनिस्ट, त्यांना साम्राज्यच नको होतं.

दादाभाई असताना एक मतदान झालं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. आयसीएसची, म्हणजे भारतातल्या वरच्या सरकारी अधिकाऱ्यांच्या भरतीची परीक्षा फक्त लंडनला व्हायची, म्हणजे मुलाला बोटीने तिकडे पाठवायची ऐपत असेल तरच. ती भारतातही एकाच वेळी घ्यावी असा ठराव २ जून १८९३ ला कॉमन्समध्ये ८४ विरुद्ध ७६ मतांनी पास झाला. पास झाला! आणि सरकारने तो अमलात आणलाच नाही. भारतात ही परीक्षा सुरू व्हायला १९२२ साल उजाडलं. ठरावाने सरकार बांधलं जात नाही, त्यामुळे आपल्या लोकांनी तिकडे मतं जिंकली तरी हातात काही पडेलच असं नव्हतं.

५. लिबरल आणि लेबर आपल्या बाजूचे, कॉन्झर्व्हेटिव्ह विरोधात, असं धरलं तर चालेल ना?

परीक्षेत कदाचित चालेल, खरं बघायला गेलं तर नाही. भारतमंत्री जॉन मोर्ले हा जुना लिबरल, आयर्लंडच्या होमरूलचा समर्थक, गोखल्यांना त्याच्याकडून केवढी आशा होती. पण डिसेंबर १९०८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये (निवडून न येणाऱ्या वरच्या सभागृहात) तो स्पष्ट बोलला की या मोर्ले-मिंटो सुधारणांमधून भारतात पार्लमेंटरी पद्धत येणार असेल तर माझा त्यांच्याशी काडीचाही संबंध नको. टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला पाठवलं ते त्याच वर्षी, लिबरल सरकार असतानाच. १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली तेव्हा लंडनमध्ये लेबर सरकार होतं. उलट बाजूने बघा, १९२९ मध्ये डोमिनियन स्टेटसचं (कॅनडासारखं, साम्राज्यात राहून स्वराज्य) जाहीर करणारा व्हाइसरॉय आयर्विन कॉन्झर्व्हेटिव्ह, त्याला पाठिंबा देऊन स्वतःच्या पक्षाची नाराजी ओढवून घेणारा पक्षनेता बाल्डविनही कॉन्झर्व्हेटिव्ह. पक्षापेक्षा माणूस आणि साल बघून ठरवावं लागतं.

६. मँचेस्टरच्या कापडाचा या सगळ्याशी काय संबंध?

खूप जवळचा. लँकशायरच्या, म्हणजे मँचेस्टरच्या भागातल्या, गिरण्यांचा माल भारतात खपायचा आणि तिथल्या मतदारसंघांतून पुष्कळ खासदार यायचे, म्हणून भारतात येणाऱ्या कापडावर जकात लावायची म्हटलं की सभागृह लगेच भरायचं. १८८२ मध्ये जकात काढून टाकली होती. १८९४ मध्ये भारत सरकारची तिजोरी रिकामी झाली म्हणून ५ टक्के परत लावली, तर लँकशायरने ओरडा केला की मुंबईच्या गिरण्यांना संरक्षण मिळतंय. तोडगा काय काढला? मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांच्या मालावरही कर. १८९६ पासून बाहेरच्या कापडावर साडेतीन टक्के आणि इथल्या गिरणीत विणलेल्या कापडावरही साडेतीन टक्के. स्वतःच्या देशात तयार झालेल्या मालावर परक्या स्पर्धकाच्या समाधानासाठी कर, याला दुसरं काय म्हणायचं.

हा कर जवळपास तीस वर्षं चालला. १९२५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी मंदीचं कारण देऊन पगार साडेअकरा टक्क्यांनी कापला, गिरणगाव संपावर गेलं, आणि डिसेंबरमध्ये सरकारने हा कर थांबवला तेव्हा पगार पूर्ववत होऊन संप मिटला. वेस्टमिन्स्टरमधल्या, म्हणजे ब्रिटिश पार्लमेंटमधल्या, एका हिशेबाचा भार लालबाग-परळच्या चाळीतल्या माणसाच्या पगारावर कसा येतो, याचं यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला तरी माहीत नाही.

७. १९१७ ची माँटेग्यू घोषणा एवढी महत्त्वाची का मानतात?

कारण २० ऑगस्ट १९१७ ला भारतमंत्री माँटेग्यूच्या तोंडून ब्रिटिश सरकारने पहिल्यांदा अधिकृतपणे सांगितलं की भारताला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती द्यायची आहे, साम्राज्याचा भाग म्हणूनच, पण द्यायची आहे. महायुद्ध चालू होतं, भारतीय सैनिक फ्रान्स आणि मेसोपोटेमियात मरत होते, इथे टिळक आणि अ‍ॅनी बेझंट यांच्या होमरूल लीगने १९१६ पासून जोर धरला होता, त्यामुळे काहीतरी बोलणं भागच होतं. गंमत बघा, त्यातले "जबाबदार राज्यपद्धती" हे शब्द कर्झनने घातलेले, तोच बंगालच्या फाळणीवाला. पण त्याच घोषणेत पुढे असंही आहे की प्रत्येक टप्पा कधी आणि केवढा हे ब्रिटिश सरकार आणि भारत सरकार ठरवणार. १९१९ च्या कायद्याच्या प्रस्तावनेत तर हा अधिकार फक्त पार्लमेंटचा असं लिहून टाकलं. परीक्षा आपली आणि परीक्षकही तेच, ज्यांना आपण नापास झालेलं सोयीचं.

८. टिळक लंडनला केस हरले, म्हणजे ती ट्रिप वायाच गेली ना?

केस हरले हे खरं. व्हॅलेंटाइन चिरोल नावाच्या पत्रकाराने टिळकांवर हिंसाचाराला चिथावणी दिल्याचे आरोप लिहिले, त्यावर अब्रुनुकसानीचा दावा होता, फेब्रुवारी १९१९ मध्ये निकाल विरोधात गेला आणि खर्चाचा मोठा बोजा पडला. पण टिळक १९१८ च्या शेवटापासून वर्षभर तिकडे होते आणि तेवढ्या वेळात त्यांनी लेबर पार्टीच्या लोकांशी संबंध जोडले, सभा केल्या, आणि नव्या सुधारणांच्या बिलावर पार्लमेंटच्या संयुक्त समितीपुढे होमरूल लीगची बाजू मांडली. पुढे सत्ता मिळवणाऱ्या पक्षात ओळखी करून ठेवणं ही त्यांची राजकीय नजर होती, तेव्हा लेबर पार्टी अजून लहान होती.

याच केसमधले दोन वकील पुढे परत भेटतात. टिळकांच्या बाजूने उभे होते सर जॉन सायमन, तेच सायमन कमिशनवाले. चिरोलच्या बाजूने सर एडवर्ड कार्सन, त्याचं नाव पुढच्याच उत्तरात आहे.

९. डायरला तिकडे शिक्षा झाली की सत्कार?

दोन्हीही पूर्ण खरं नाही. जालियनवाला बागेत १६५० गोळ्या झाडल्या, सरकारी आकड्याप्रमाणे ३७९ माणसं मेली, आणि डायरवर खटला चाललाच नाही, फक्त त्याला नोकरी सोडायला लावली. त्यावर ८ जुलै १९२० ला कॉमन्समध्ये चर्चा झाली. आता भारतमंत्र्याचा पगार ब्रिटिश बजेटवर आलेला होता (प्रश्न १), त्यामुळे चर्चेला निमित्त तेच, माँटेग्यूच्या पगारात कपात. म्हणजे जी सोय भारताच्या बाजूने जाब विचारायला हवी होती, तिचा मोठा वापर झाला तो डायरला वाचवू बघणाऱ्यांकडून.

माँटेग्यू उठला आणि त्याने थेट विचारलं की तुम्ही भारतावर दहशतीने, वंशाच्या अपमानाने राज्य करणार आहात का. सभागृह खवळलं, त्याच्या ज्यू असण्यावरून त्याच्याबद्दल तेव्हा खूप घाण बोललं गेलं. कार्सन डायरच्या बाजूने बोलला. सरकार सावरलं ते चर्चिलमुळे, हो, चर्चिलच, तेव्हा तो युद्धमंत्री होता आणि त्याने या गोळीबाराला राक्षसी म्हटलं. कपातीच्या बाजूने १२९, विरोधात २३०, डायरवाले हरले. पण त्याच महिन्यात लॉर्ड्समध्ये डायरच्या बाजूचा ठराव १२९ विरुद्ध ८६ ने पास झाला, आणि मॉर्निंग पोस्ट या पेपरने त्याच्यासाठी निधी गोळा केला तो २६,००० पौंडांच्या वर गेला. कॉमन्सचा आकडा आणि लॉर्ड्सचा आकडा दोन्ही सोबत वाचायचे, एकच सांगणारा अर्धंच सांगतो.

१०. सायमन कमिशनमध्ये एकही भारतीय का घेतला नाही?

कमिशन पार्लमेंटचं, म्हणून सदस्य खासदारच हवेत, असं कारण दिलं. ते टिकत नाही, कारण लॉर्ड सिन्हा हे भारतीय लॉर्ड्समध्ये बसत होते आणि सकलातवाला कॉमन्समध्ये. खरं कारण राजकीय होतं. १९१९ च्या कायद्यात दहा वर्षांनी आढावा ठरलेला, पण भारतमंत्री बर्कनहेडला भीती होती की निवडणुकीत लेबर आलं तर कमिशन ते नेमतील, म्हणून १९२७ मध्येच सात ब्रिटिश खासदार नेमून मोकळा झाला. ३ फेब्रुवारी १९२८ ला ते मुंबईत उतरले तेव्हा काळे झेंडे तयार होते. सातांपैकी एक क्लेमेंट अ‍ॅटली, पुढे पंतप्रधान झालेला, पण तेव्हा फारसा कोणाला माहीत नसलेला.

बहिष्कार सगळ्यांनी घातला असंही नाही. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये पुण्यात कमिशनपुढे साक्ष दिली, आणि अस्पृश्यांची बाजू मांडायची तर समोर येईल त्या प्रत्येक व्यासपीठावर ती मांडली पाहिजे ही त्यांची भूमिका १९१९ पासून, मताधिकारावरच्या साउथबरो समितीपुढच्या साक्षीपासून, सारखीच होती. त्याला फुटीरपणा म्हणणाऱ्यांनी ती साक्ष आधी वाचावी.

११. डायरला राक्षसी म्हणणारा चर्चिल नंतर गांधीजींना "अर्धनग्न फकीर" कसा म्हणाला?

त्याच्या डोक्यात यात काही विरोधाभास नव्हता. डायरचं कृत्य त्याला ब्रिटिश पद्धतीला कलंक वाटलं, आणि राज्य मात्र चालूच राहायला हवं होतं. आयर्विनने गांधीजींशी बोलणी केली याचा त्याला संताप आला, बाल्डविनशी न पटून जानेवारी १९३१ मध्ये तो पक्षाच्या पुढच्या फळीतून बाहेर पडला आणि २३ फेब्रुवारीला ते कुप्रसिद्ध भाषण केलं. त्यात तो गांधीजींना मिडल टेंपलचा वकील म्हणाला, ते होते इनर टेंपलचे. पुढची चार वर्षं तो स्वतःच्याच पक्षाच्या सरकारविरुद्ध लढला. १९३५ च्या कायद्याआधीच्या (प्रश्न १२) पार्लमेंटच्या संयुक्त समितीपुढे तो साक्षीला आला तेव्हा त्याची उलटतपासणी करणाऱ्यांत भारतीय प्रतिनिधीही होते.

१२. १९३५ च्या कायद्याला लेबरनेही विरोध केला, मग ते चर्चिलच्या बाजूचे झाले का?

हा प्रश्न फसवा आहे. फेब्रुवारी १९३५ मध्ये बिलाच्या दुसऱ्या वाचनाला, म्हणजे त्याच्या मूळ तत्त्वावरच्या मतदानात, ४०४ विरुद्ध १३३ मतं पडली. या १३३ मध्ये भारताला फार दिलं म्हणणारे चर्चिलचे लोक आणि फार कमी दिलं म्हणणारे लेबरवाले, दोघे एकाच बाजूला मोजलेत. लेबरचा मुख्य आक्षेप हा की अख्ख्या बिलात डोमिनियन स्टेटसचा उल्लेखच नाही. प्रांतांना स्वायत्तता मिळाली, १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर मंत्रिमंडळाचे प्रमुख झाले, पण केंद्रात संरक्षण आणि परराष्ट्र व्हाइसरॉयकडेच राहणार होतं आणि संघराज्याचा भाग तर कधी अमलातच आला नाही, कारण संस्थानिक पुरेसे आले नाहीत.

१३. अ‍ॅटलीने स्वातंत्र्य दिलं की त्याला द्यावं लागलं?

द्यावं लागलं, पण दुसरं कोणी असतं तर आणखी रक्त सांडून द्यावं लागलं असतं, असं मला वाटतं. चर्चिलने सप्टेंबर १९४१ मध्ये कॉमन्समध्ये सांगितलंच होतं की अटलांटिक सनदेतला (त्याच्या आणि अमेरिकेच्या अध्यक्षांच्या युद्धकाळातल्या जाहीरनाम्यातला) स्वयंनिर्णय हा नाझींच्या ताब्यातल्या युरोपसाठी आहे, भारतासाठी नाही. युद्ध संपलं तेव्हा ब्रिटन कंगाल, उलट भारताचंच त्यांच्यावर शंभर कोटी पौंडांहून जास्त देणं. छोडो भारत होऊन गेलेलं, आझाद हिंदच्या खटल्यांनी देश पेटलेला, फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत तलवार या नौदल तळावरून बंड सुरू झालं आणि गिरणी कामगार रस्त्यावर उतरले. ज्यांच्या जोरावर राज्य चालायचं त्यांचाच भरवसा राहिला नाही.

२० फेब्रुवारी १९४७ ला पंतप्रधान अ‍ॅटलीने तारीख दिली: जून १९४८ च्या आत. चर्चिलने कडाडून विरोध केला, ६ मार्चला मतदान ३३७ विरुद्ध १८५. लॉर्ड्समध्ये सरकार हरेल अशी भीती होती, तिथे विरोधाचा ठराव टेंपलवूडचा, म्हणजे १९३५ चा कायदा आणणारा तोच सॅम्युअल होर. आणि सरकारच्या मदतीला उठला हॅलिफॅक्स, म्हणजे आपला जुना व्हाइसरॉय आयर्विन. तो म्हणाला की यापेक्षा चांगला उपाय मला सुचत नसताना हा चुकीचा आहे असं मी म्हणू शकत नाही. ठराव मागे घेतला गेला. पुढे माउंटबॅटनने तारीख ऑगस्ट १९४७ वर आणली. बिल ४ जुलैला मांडलं, कॉमन्समध्ये १५ जुलैला, लॉर्ड्समध्ये १६ ला, १८ ला राजाची सही. शंभर वर्षं लायकीवर बोलणाऱ्या पार्लमेंटने फाळणीसकट सगळं दोन आठवड्यांत उरकलं, आणि या घाईची किंमत पंजाब-बंगालच्या लोकांनी भरली.

१४. कोल्हापूरसारख्या संस्थानांना हे कायदे लागू होते का? आणि गोव्याचं काय?

संस्थानं ब्रिटिश मुलूख नव्हती, त्यांचा संबंध करारांनी ब्रिटिश राजसत्तेशी होता, म्हणून पार्लमेंटचे कायदे तिथे थेट चालत नव्हते, रेसिडेंटचा, म्हणजे तिथल्या ब्रिटिश प्रतिनिधीचा, दबाव मात्र चालायचा. १९४७ च्या कायद्याच्या कलम ७ ने ब्रिटिश राजसत्तेचं संस्थानांवरचं हे अधिराज्य १५ ऑगस्टला संपलं. कोल्हापूर मुंबई प्रांतात विलीन झालं १ मार्च १९४९ ला. गोवा पोर्तुगीजांचा, त्याचा निर्णय लिस्बनमध्ये व्हायचा, १९६१ पर्यंत.

१५. १५ ऑगस्टनंतर ब्रिटिश पार्लमेंटचा कायदेशीर संबंध संपला का?

लगेच नाही. २६ जानेवारी १९५० पर्यंत आपण डोमिनियन होतो, सहावा जॉर्ज आपलाही राजा होता, कारभार १९३५ च्याच कायद्यात बदल करून चालला होता, आणि प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे लंडनच्या शेवटच्या अपील कोर्टाकडे, जाणारी अपिलं १९४९ मध्ये बंद झाली. मग संविधानाचं कलम ३९५ आलं. १९४७ चा भारतीय स्वातंत्र्य कायदा आणि १९३५ चा कायदा, दोन्ही रद्द. म्हणजे ज्या कायद्याने वेस्टमिन्स्टरने आपल्याला स्वातंत्र्य "दिलं", तोच आपल्या संविधान सभेने स्वतःच्या अधिकारात रद्द केला आणि त्यासाठी लंडनची मंजुरी मुद्दाम घेतली नाही, जेणेकरून आपल्या संविधानाचं मूळ त्यांच्या कुठल्याही कायद्यात शोधता येऊ नये.